रात्रीत उगवणारे ढीग : चोरून टाकला जाणारा कचरा शहरांनी कसा रोखावा?

पाणवठा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून टाकतो. धागा थोडा मोठा आहे.

आमच्या घरामागे ओढ्याकाठी जमिनीचा एक मोकळा तुकडा आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिथे विटांच्या तुकड्यांचा ढीग दिसला. एकच ढीग. आठवड्यात त्याचे तीन झाले. मग फुटक्या फरश्या आल्या, जुन्या गाद्या आल्या, टायर आले, अर्धवट भरलेले रंगाचे डबे आले. चार महिने पाठपुरावा करून आम्ही ती जागा साफ करून घेतली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. फलक लावला. फलकाच्या खांबाला टेकूनच पुढची खेप ओतलेली होती. शेवटी कॅमेरा बसला आणि ढीग बंद झाले. आम्ही सगळे खूश. महिन्याभराने फिरायला गेलो तर ओढ्याच्या वळणापलीकडे, कॅमेरा पोहोचत नाही अशा ठिकाणी, तोच माल. म्हणजे आम्ही प्रश्न सोडवला नव्हता, फक्त तीनशे मीटर पुढे ढकलला होता.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल ते वाचतोय आणि माझं एक मत बनत चाललंय. चालता चालता वेष्टन टाकणारा माणूस आणि रात्री डंपर उलटा करणारा माणूस यांना आपण एकाच मापाने मोजतो. पहिल्याची सवय वाईट आहे. दुसऱ्याचा हा धंदा आहे. त्या डंपरमधला राडारोडा कोणाच्या तरी घरातून निघालेला असतो आणि तो उचलून नेण्याचे पैसे त्या घरमालकाने मोजलेले असतात. ते पैसे घेऊन क्षेपणभूमीपर्यंत जायचं, काट्यावर वजन करायचं, शुल्क भरायचं आणि रिकामी गाडी परत आणायची. की वाटेतच अंधारात पाच मिनिटांत मोकळं व्हायचं? वाचलेलं शुल्क, वाचलेलं डिझेल, वाचलेला वेळ हा सगळा नफा.

यात किती पैसा असतो याचा अंदाज ब्रिटनच्या उदाहरणावरून येतो. तिथे १९९६ साली क्षेपणभूमीत जाणाऱ्या कचऱ्यावर कर लागू झाला, तेव्हा साधारण कचऱ्याला टनामागे ७ पौंड होते. एप्रिल २०२५ मध्ये तो दर १२६ पौंडांवर गेला. २० टनांच्या एका गाडीवर नुसता कर अडीच हजार पौंडांच्या वर! कराचा हेतू चांगलाच होता. कचरा गाडण्यापेक्षा त्याचा पुनर्वापर व्हावा, आणि तसा तो बऱ्याच प्रमाणात झालाही. पण कर वाढला की चोरून टाकण्याचा मोहही तेवढाच वाढतो. एकट्या इंग्लंडमध्ये २०२३-२४ या वर्षात स्थानिक संस्थांनी अशा सुमारे साडेअकरा लाख घटना नोंदवल्या. खासगी जमिनीवर टाकलेला बराचसा माल या आकड्यात येतच नाही, तो बिचाऱ्या जमीनमालकानेच निस्तरायचा.

तर माझं म्हणणं असं की ढीग हा या साखळीचा शेवट आहे आणि आपण सगळं बळ त्या शेवटावर लावतोय. कचरा जिथून निघतो तिथून त्याचा माग ठेवता आला पाहिजे. आपल्यापैकी कोणी बांधकामात, पालिकेच्या कामात, वाहतुकीत असाल तर कृपया अनुभव लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

रोखठोक

इतकं खोलात जायची गरज नाही. लोकांना शिस्त नाही हे मूळ दुखणं आहे. पाचपट दंड लावा, दोघांना आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील.

---

काजवा

रोखठोक, दंड हवाच, पण त्याच्या आकड्यापेक्षा पकडले जाण्याची खात्री जास्त काम करते. शंभरातला एक जण सापडणार असेल तर बाकीचे नव्याण्णव दंडाची रक्कम वाचतसुद्धा नाहीत.

पाणवठा, तुमच्या "एका ढिगाचे तीन झाले" या वाक्यावर थोडं लिहिते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले. जवळपास कचरापेटी नव्हती. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद खाली टाकला. त्याच भिंतीवर रंगाचे फराटे ओढून ठेवले तेव्हा ६९ टक्क्यांनी टाकला. माणसं त्याच शहरातली, गल्लीही तीच. बदललं होतं ते फक्त समोरचं दृश्य. इथे कोणी लक्ष ठेवत नाही, एवढं त्या फराट्यांनी सांगितलं होतं.

अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये २००९ च्या सुमारास एका रहिवाशाने घरासमोरच्या चौकात, जिथे सतत गाद्या आणि फर्निचर येऊन पडायचं, तिथे बुद्धाची छोटी मूर्ती बसवली. तो स्वतः धार्मिक वगैरे नव्हता, वैतागून बसवली. हळूहळू शेजारपाजारचे लोक तिथे फुलं वाहू लागले, झाडलोट करू लागले आणि कचरा येणं थांबलं. मला यात मूर्तीपेक्षा रोज सकाळी तिथे येणारी माणसं महत्त्वाची वाटतात. जागेला वाली मिळाला.

म्हणून पहिला ढीग तातडीने उचलणं हे मला अजूनही फार मोलाचं वाटतं. तो चार महिने राहिला, तर ते आमंत्रणच.

---

पाणवठा

काजवा, पटलं. पण डंपरवाला भिंतीवरचे फराटे बघून ठरवतो का? मला वाटतं गादी टाकणारा शेजारी आणि राडारोडा टाकणारा वाहतूकदार यांना वेगवेगळे उपाय लागतील.

---

काजवा

हो, हे मान्य. माझा मुद्दा गादीवाल्याला जास्त लागू आहे. पण डंपरवालासुद्धा जागा निवडताना आधीच घाण झालेली, अंधारी, रस्त्याला लागून असलेली जागाच शोधतो. नव्या खेपेने तिथे कोणाचं लक्ष वेधलं जात नाही.

---

गवंडीकाम

मी छोटी दुरुस्तीची कामं घेतो. न्हाणीघर नवं करणं, भिंत पाडणं, फरशी बदलणं वगैरे. आतली गोष्ट सांगतो, राग मानू नका.

न्हाणीघर फोडलं की फार तर दोन-तीन टन माल निघतो. हा माल अधिकृत जागी न्यायचा म्हटलं तर काय होतं बघा. केंद्र शहराच्या पार टोकाला. वेळ कार्यालयीन, आणि त्याच वेळात मोठ्या गाड्यांना शहरात बंदी. पोहोचलात तर रांग. रांगेतून पुढे गेलात तर माल मिश्र आहे म्हणून परत. विटा वेगळ्या, लाकूड वेगळं, प्लास्टिकचे पाइप वेगळे करून आणा. बरोबर आहे, वेगळं करायलाच हवं, पण ते आम्हाला काम सुरू करताना कोणी सांगितलं होतं? एक पूर्ण दिवस आणि एक गाडी त्यात जाते. ग्राहकाला याचे पैसे सांगितले की तो म्हणतो, दुसरा माणूस निम्म्यात नेतोय. तो निम्म्यात कसा नेतो हे ग्राहक विचारत नाही.

मी स्वतः कधी ओढ्यात माल टाकलेला नाही. पण माझ्या साइटवरून माल उचलणारा टेम्पोवाला तो कुठे नेतो, हे मी सात वर्षं विचारलं नाही. त्याने पावती कधी दिली नाही, मी कधी मागितली नाही. मागच्या वर्षी एका नाल्याच्या कडेला मीच काढलेल्या निळ्या फरश्या पडलेल्या दिसल्या. त्या दिवसापासून पावतीशिवाय पैसे देत नाही. दोन टेम्पोवाले सोडून गेले, एक टिकला.

रोखठोक, शिस्त हवीच. पण प्रामाणिकपणे वागायला एक दिवस लागतो आणि चोरी करायला पाच मिनिटं, अशी व्यवस्था ठेवून शिस्तीची अपेक्षा धरता येत नाही.

---

निळाई

गवंडीकाम, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद.

---

कायदा_सोपा_करून

गवंडीकाम यांनी जो प्रश्न सात वर्षं विचारला नाही, तोच प्रश्न काही देशांनी कायद्यात घातला आहे.

ब्रिटनच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की कचरा ज्याच्याकडे निर्माण झाला त्याने तो परवानाधारक माणसाच्याच हाती द्यायचा आणि देताना लेखी चिठ्ठी करायची. ती चिठ्ठी दोन वर्षं जपून ठेवायची. आधी हे बंधन धंदेवाल्यांना होतं, २००५ च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये घरमालकांवरही आलं. चिठ्ठीचा व्याप घरमालकाला नाही, पण आपला कचरा नेणाऱ्याकडे परवाना आहे की नाही हे त्याने तपासायला हवं. परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येते. न तपासता कोणालाही माल दिला आणि तो रस्त्याकडेला सापडला, तर घरमालकालाही दंड.

जपानने याहून पुढची पद्धत आणली. तिथे औद्योगिक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर सात प्रतींची चिठ्ठी फिरते, आणि बांधकाम-पाडकामाचा बराचसा राडारोडा यातच मोडतो. वाहतूकदाराने माल पोहोचवला की एक प्रत परत येते, प्रक्रिया झाली की दुसरी, शेवटची विल्हेवाट लागली की आणखी एक. प्रक्रियेची प्रत ९० दिवसांत किंवा अंतिम विल्हेवाटीची १८० दिवसांत परत आली नाही, तर कचरा निर्माण करणाऱ्याने स्वतः चौकशी करून प्रशासनाला कळवायचं. हल्ली हे बरंचसं संगणकावरच होतं. १९९८ पासून ही पद्धत सर्व औद्योगिक कचऱ्याला लागू आहे. त्या सुमारास तिथे वर्षाला मोठ्या चोरट्या ढिगांची हजारावर नवी प्रकरणं सापडत होती, अलीकडे ती शंभर-दीडशेच्या घरात आली आहेत. केवळ चिठ्ठीने हे झालं असं मी म्हणणार नाही, शिक्षाही कडक केल्या. कंपनीला ३० कोटी येनपर्यंत दंड होऊ शकतो. पण चिठ्ठीमुळे "मला काय माहीत तो कुठे घेऊन गेला" ही पळवाट बंद झाली.

---

रात्रपाळी

माझे काका डंपर चालवायचे, म्हणून थोडं लिहितो. चालकाला खेपेमागे पैसे मिळतात. रात्रीत तीन खेपा झाल्या तर घर चालतं, एक झाली तर नाही. कुठे ओतायचं हे फोनवर सांगणारा माणूस वेगळाच असतो, गाडीचा मालक आणखी तिसरा. पकडला गेला तर चालक. नाव छापून येतं चालकाचं. दंड भरला की मालक दुसऱ्या दिवशी दुसरा चालक बसवतो.

काका एकदाच सापडले. ती रक्कम फेडायला दीड वर्ष लागलं. गाडी त्याच आठवड्यात पुन्हा रस्त्यावर होती.

म्हणून सांगतो, चालकावर दंड वाढवून काही होणार नाही. गाडी अडकवा. गाडी उभी राहिली की कर्जाचा हप्ता थकतो, मग मालकाला झळ बसते.

---

कायदा_सोपा_करून

रात्रपाळी, तुमचं बरोबर आहे आणि हे अनेक ठिकाणी कायद्यातही आहे. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांना संशयित वाहन जप्त करता येतं, न्यूयॉर्कमध्येही गाडी अडकवून ठेवतात. पण प्रत्यक्षात जप्तीपर्यंत फार कमी प्रकरणं जातात. जप्त गाड्या ठेवायला जागा लागते, न्यायालयात उभं राहायला माणसं लागतात, आणि "कोणी ओतलं" हे सिद्ध करायला पुरावा लागतो.

---

काटापावती

मी नागरी सेवेत घनकचरा विभागात एकोणतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कोणत्या शहरात ते सांगत नाही, त्याने फरकही पडत नाही.

पुराव्याचं निघालंच आहे तर आमच्याच एका चुकीबद्दल लिहितो. तक्रार आली की आम्ही यंत्र पाठवून ढीग उचलायचो. जितक्या लवकर उचलू तितकी शाबासकी. काजवा म्हणतात तसं लवकर उचलणं योग्यच, पण उचलण्याआधी अर्धा तास तो ढीग कोणी उलगडून बघत नसे. आमच्याकडे पुढे एक कनिष्ठ निरीक्षक आल्या, त्यांनी हातमोजे घालून ढीग तपासायला सुरुवात केली. ढिगात काय नसतं? घरपोच मालाच्या खोक्यांवरचे पत्ते, वीजबिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, फरशीच्या पेटीवरचा माल पाठवल्याचा क्रमांक. त्या पत्त्यावर जाऊन घरमालकाला शांतपणे विचारायचं, तुमचा माल कोणी उचलला? बहुतेक लोक घाबरून लगेच सांगतात, कारण त्यांनी पैसे मोजलेले असतात आणि आपण फसवले गेलो असं त्यांना वाटतं. एका नावाचा तीन-चार ढिगांशी संबंध लागला की प्रकरण उभं राहतं. त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी मी हातमोजे, छायाचित्रं आणि नोंदवही मागेन. प्रत्येक ढिगाची जागा, तारीख, प्रकार, अंदाजे वजन. वर्षभराच्या नोंदी नकाशावर मांडल्या की ढीग कोणत्या कामांच्या मागे जातात ते दिसू लागतं.

दुसरं, वजनकाटा. शहराला एक साधा हिशोब मांडता येतो. वर्षात किती चौरस मीटर पाडकामाला आणि नव्या बांधकामाला परवानगी दिली, हे बांधकाम विभागाला माहीत असतं. पक्की इमारत पाडली की चौरस मीटरमागे अर्धा टन ते दीड टनापर्यंत माल निघतो, नव्या बांधकामात त्याच्या एक-दशांशही नाही. म्हणजे किती राडारोडा निघायला हवा होता याचा ढोबळ आकडा काढता येतो. अधिकृत केंद्राच्या काट्यावर किती आला, हाही आकडा आहे. दोन्हींमधला फरक कुठेतरी पडलेला आहे. थोडा भरावासाठी, पायासाठी रीतसर वापरला जातो, तो वजा करा. उरलेला तुमच्या ओढ्यात आहे. माझ्या संपूर्ण नोकरीत हे दोन कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले मी एकदाच पाहिले. दोन्ही विभाग एकाच इमारतीत होते.

तिसरं म्हणजे अनामत. अमेरिकेतल्या सॅन होजे शहरात २००१ पासून अशी पद्धत आहे की बांधकाम परवाना घेतानाच कचऱ्यापोटी अनामत रक्कम भरायची. काम संपल्यावर मान्यताप्राप्त केंद्राच्या पावत्या दाखवा, रक्कम परत घ्या. पावत्या नसतील तर रक्कम गेली. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण यात रात्री कोणाच्या मागे धावावं लागत नाही. पावती मिळवण्यात मालकाचाच फायदा असतो, मग तोच वाहतूकदाराच्या मागे लागतो. मात्र काट्यावर बसलेला माणूस खोट्या पावत्या फाडू लागला तर सगळं मुसळ केरात. काट्याची नोंद थेट संगणकात जायला हवी आणि प्रत्येक गाडीचं छायाचित्र पावतीला जोडलेलं हवं.

---

गवंडीकाम

काटापावती काका, अनामत मोठ्या इमारतींना ठीक आहे. माझ्यासारख्याच्या न्हाणीघराला परवानाच लागत नाही. आमच्यासाठी काय?

---

काटापावती

तुमच्यासाठी प्रत्येक विभागात छोटं संकलन केंद्र. टेम्पोभर माल घेणारं, सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि ठरावीक वजनापर्यंत फुकट. फुकट म्हटलं की वरिष्ठ नाक मुरडतात. पण तोच माल ओढ्यातून उचलायला यंत्र, गाडी, मजूर आणि पुन्हा क्षेपणभूमीचा खर्च आहेच. चोरून टाकलेला माल शेवटी शहरालाच उचलावा लागतो, तोही जास्त खर्चात आणि मातीत मिसळून निरुपयोगी झाल्यावर. गाद्या, कपाटं यांच्यासाठी फोनवर दिवस ठरवून घरून उचलण्याची सोय हवी. गाडी नसलेल्या वृद्ध माणसाने जुनी गादी पाठीवर टाकून केंद्रावर यावं, ही अपेक्षाच चूक आहे.

---

निळाई

मग "जितका कचरा तितके पैसे" या धोरणाचं काय? त्याने चोरून टाकणं वाढत नाही का? मला हे धोरण तत्त्व म्हणून न्याय्य वाटतं, म्हणून विचारतेय.

---

काजवा

निळाई, वाढू शकतं. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल गावात १९९२ मध्ये कचऱ्याच्या पिशवीमागे शुल्क सुरू झालं, त्याचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. पिशव्यांची संख्या ३७ टक्क्यांनी घटली, पण वजन फक्त १४ टक्क्यांनी. लोक पिशवीवर उभं राहून कचरा दाबून भरत होते! आणि जी घट दिसली तिच्यातला सुमारे २८ टक्के भाग चोरून टाकण्यात गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

तरीही हे धोरण फसतंच असं नाही. दक्षिण कोरियाने १ जानेवारी १९९५ पासून देशभर ठरावीक विकतच्या पिशवीतूनच कचरा घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला चोरून टाकणं, घरामागे जाळणं वाढलं. पण पुनर्वापराच्या वस्तू त्याच वेळी फुकट उचलल्या जात होत्या, म्हणजे पैसे वाचवायला प्रामाणिक वाटही खुली होती. तैवानमधल्या तैपेई शहराने २००० मध्ये असंच केलं आणि त्यासोबत गाडी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यावर येईल आणि लोक पिशवी थेट गाडीत टाकतील हा शिरस्ता पाळला. रस्त्यावर पिशवी ठेवायला जागाच नाही, तर कोण कोणाच्या दारात टाकणार?

शुल्क आधी आणि सोय नंतर, असा क्रम लावला की घात होतो.

---

रोखठोक

वाचतोय. गवंडीकाम आणि रात्रपाळी यांचे प्रतिसाद वाचून मी माझं पहिलं मत थोडं बदलतो. पण मोठ्या माशांचं काय? पुनर्वापर केंद्राच्या नावाखाली माल गोळा करून तसाच साठवणारे मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे परवाना असतो, पावतीही असते!

---

कायदा_सोपा_करून

हा फार मोलाचा मुद्दा आहे. पावतीवर विसंबून राहिलं तर इथेच घात होतो.

जपानच्या अंतर्देशीय समुद्रात तेशिमा नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या एका व्यावसायिकाने १९७० च्या दशकात घातक कचऱ्याचा परवाना मागितला, रहिवाशांनी विरोध केला. मग त्याने गांडूळपालनाचा परवाना मिळवला. त्या आडोशाने मोडीत काढलेल्या गाड्यांचा चुरा, तेल, रसायनं आणून तिथे जाळणं आणि पुरणं चालू झालं. रहिवासी तक्रारी करत राहिले. प्रशासनाचं म्हणणं असं की तो माणूस हा चुरा विकत घेतो, म्हणजे तो कचरा नाही, कच्चा माल आहे. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातला तोवर डोंगर उभा राहिला होता. रहिवाशांनी पुढे दहा वर्षं लढा दिला. २००० मध्ये समझोता झाला, राज्यपालांनी बेटावर येऊन माफी मागितली. सुमारे ९ लाख टन कचरा आणि दूषित माती शेजारच्या बेटावर नेऊन प्रक्रिया करायला २०१७ उजाडलं, आणि भूजलाचं काम त्यानंतरही चालू राहिलं.

दक्षिण कोरियातल्या उइसोंगमध्ये २०१९ साली जगाला दिसलेला ढीगही असाच. एका पुनर्वापर केंद्राचा परवाना होता दोन हजार टनांच्या आसपासचा, आवारात साठले पावणेदोन लाख टनांच्या आसपास. चीनने २०१८ च्या सुरुवातीपासून परदेशी प्लास्टिक कचरा घेणं बंद केल्यावर तर माल बाहेर पाठवायची वाटच आटली होती. आत येणारं वजन मोजत होते, बाहेर जाणारं कोणी मोजलं नाही.

आणि इटलीतल्या नेपल्स-कासेर्ता परिसरात गुन्हेगारी टोळ्यांनी कित्येक दशकं औद्योगिक कचरा शेतात पुरला, जाळला. त्या भागाला लोक आगींची भूमी म्हणतात. ३० जानेवारी २०२५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की सगळं माहीत असूनही राज्यसंस्थेने रहिवाशांच्या जगण्याच्या हक्काचं रक्षण केलं नाही. कचऱ्याच्या प्रकरणात जगण्याच्या हक्काचा आधार! आपल्याकडे अजूनही याला अस्वच्छतेची तक्रार समजतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

---

निळाई

तेशिमाचं वाचून सुन्न झाले. सुरुवातीलाच "नको" म्हणणारी माणसं तिथलीच होती.

मी आरोग्य क्षेत्रात आहे, एक सावधगिरीची गोष्ट लिहिते. उत्साहाच्या भरात मुलांना घेऊन ढीग उचलायला जाऊ नका. जुने नालीदार सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते मोडले की त्याचे तंतू श्वासात जातात आणि त्याचा आजार कित्येक वर्षांनी उघडतो. छताला लावतात त्या जिप्समच्या पाट्या ओल्या जागी, हवा नसलेल्या थरात दबल्या की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, तो सडक्या अंड्यांसारखा वास. तो नुसता वास नाही, साठला तर जीवघेणा आहे. टायरमध्ये पाणी साचून डास होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण टायरचा ढीग एकदा पेटला की विझत नाही हेही लक्षात ठेवा. कॅनडातल्या हॅगर्सव्हिलमध्ये १९९० साली टायरच्या मोठ्या साठ्याला लागलेली आग १७ दिवस चालली. ओळखू न येणारे पिंप, डबे, सुया दिसल्या तर छायाचित्र काढून लांब व्हा.

आणि रात्री गाडी अडवायला एकट्याने जाऊ नका. ज्यांचा धंदा बुडतो ते लोक सभ्य नसतात.

---

रात्रपाळी

निळाई ताई म्हणतात ते खरं आहे. गाडी अडवू नका. नंबर आणि वेळ टिपा, तेवढं पुरतं. नंबरप्लेटवर चिखल लावलेला असेल तर गाडीच्या पाठीमागच्या फळीवरची रंगरंगोटी बघा. प्रत्येक गाडीची वेगळी असते, ती कोणी झाकत नाही.

---

पाणवठा

सगळ्यांचे आभार. गेले चार दिवस प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचतोय.

काटापावती काकांनी सांगितलं तसं काल आम्ही तिघं हातमोजे आणि जाड तळाचे बूट घालून वळणापलीकडच्या ढिगाशी गेलो. पत्र्यांना हात लावला नाही. फरशीच्या चार रिकाम्या पेट्या मिळाल्या, दोनवर एकच पत्ता होता. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडचं घर. संध्याकाळी जाऊन भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. त्या बाईंनी दार उघडलं, पेटीचा फोटो बघितला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "मी त्याला पूर्ण पैसे दिले होते हो, तो म्हणाला सरकारी जागेवर नेतो." त्यांच्याकडे पावती नव्हती, फोन नंबर होता. तो त्यांनी आपणहून दिला आणि लेखी तक्रारीवर सही करायलाही तयार आहेत.

काका, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात ते दोन आकडे, पाडकामाच्या परवानग्यांचं क्षेत्रफळ आणि काट्यावर आलेलं वजन, मला नागरिक म्हणून मागता येतील का? अर्जात नेमकं काय लिहू?

---

काटापावती

मागता येतील, हे सार्वजनिक कामाचे कागद आहेत. दोन वेगळे अर्ज करा, एका अर्जात दोन्ही मागितलंत तर तो दोन विभागांमध्ये फिरत राहील. बांधकाम विभागाकडे मागील तीन आर्थिक वर्षांची महिनावार यादी मागा : पाडकामाची परवानगी, भूखंड क्रमांक, एकूण बांधीव क्षेत्रफळ. घनकचरा विभागाकडे त्याच महिन्यांची काट्याची नोंद मागा : तारीख, वाहन क्रमांक, आत येतानाचं वजन, रिकामं वजन. "एकूण किती टन" असं विचारू नका, एक गोल आकडा देऊन मोकळे होतील. वाहनवार नोंद मागा. आणि केंद्रातून बाहेर गेलेल्या मालाची नोंदही त्याच अर्जात मागा, उइसोंगचं वर आलंच आहे.

आकडे हाती आले की इथे टाका. ताळा मी करून देतो.